कुठे विचारू नये

श्रीखंड संपलं तरी डबा टाकायचा नाही, ही आपल्याकडची रीत. धुऊन, पुसून वरच्या फळीवर ठेवायचा. लागतो कधीतरी. किश्श्यांचंही तसंच होतं बघा. मुद्दाम कोणी जमवत नाही. एकात एक बसत जातात, ढीग वाढत जातो, आणि एक दिवस दुसरंच काहीतरी काढायला जावं तर सगळे अंगावर येतात.

आमच्या जिन्यातले किस्से तर खरोखरच श्रीखंडाच्या डब्यांतले आहेत. जुन्या पनवेलात, बाजाराच्या मागे आमची बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं, समोरासमोर. एक आमचं, एक गद्र्यांचं. गद्रे भाऊजी विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. मालतीवहिनी घरी. एकुलता एक मुलगा, निखिल, तो हैदराबादला. आणि समोर मी. शिक्षण नववी, पण जिना कोण चढलं, कोण उतरलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, यात माझा हात कोणी धरणार नाही.

वहिनी बाहेर पडल्या की मी सवयीने विचारायची, "कुठे निघालात वहिनी?"

त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. उतरलेल्या पायऱ्या परत चढायच्या. आत जाऊन खुर्चीवर टेकायच्या, घोटभर पाणी प्यायच्या आणि मग पुन्हा निघायच्या. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की त्याचं काम होत नाही, असं त्यांच्या आईने महाडला शिकवलेलं.

तसंच माझ्या जाण्याचं. गप्पा मारून उठताना मी म्हणायची, "चला, जाते."

"जाते नाही म्हणू, सुमन. येते म्हण. जाते म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही."

"अहो, समोर तर जायचंय. जाऊन जाऊन जाणार कुठे?"

"तरी."

पुढे वहिनी विसरायला लागल्या. आधी कुकरच्या शिट्ट्या, मग वार, मग माझं नाव. मी उठले की माझ्याकडे बघत राहायच्या, नाव शोधायच्या, सापडायचं नाही. मग म्हणायच्या, "अगं ए, बाई. जाते नाही, येते म्हण."

*

एका दुपारी भाऊजींचा डोळा लागला आणि वहिनी घरातून निघून गेल्या. कधी नव्हे ती मीसुद्धा जिन्यात नव्हते. सगळी बिल्डिंग शोधायला बाहेर पडली. देवळात बघितलं, तळ्यावर बघितलं. नाहीत.

त्या सापडल्या पळस्प्याला. गोव्याकडच्या गाड्या जिथून वळतात तिथे, उन्हात, हातात कापडी पिशवी घेऊन उभ्या. बघितलं कोणी, तर असलमभाईंनी. असलमभाईंचं बाजारात मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. ते स्कूटरवरून येत होते.

"काकी, इधर कशाला उभ्या? चला, घरी सोडतो."

"मला महाडची एसटी पकडायची आहे," वहिनी म्हणाल्या. मग त्यांच्या खाकी शर्टाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कंडक्टर ना?"

असलमभाईंनी क्षणभर विचार केला. "हां काकी. मीच कंडक्टर."

"मग तिकीट द्या."

असलमभाईंनी खिशातून कसलीतरी पावती काढली, फाडली आणि दिली. वहिनी पावती मुठीत घट्ट धरून स्कूटरवर मागे बसल्या. बिल्डिंगखाली उतरल्या तेव्हा आम्ही सगळे उभेच होतो. वहिनींनी इकडेतिकडे बघितलं, पदर सारखा केला.

"महाड किती बदललं हो," म्हणाल्या.

हसायला आलं सगळ्यांना. भाऊजी हसले नाहीत.

संध्याकाळी निखिलचा फोन. भाऊजींना ऐकायला कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर, आणि मी तिथेच भाजी निवडत बसलेली. निखिल म्हणाला, "बाबा, तुमच्याने होत नाही आता. इकडे एक संस्था आहे, नर्स असतात, दाराला कुलूप असतं. अजून एकदा जरी असं झालं, तरी मी आईला तिकडे ठेवणार."

भाऊजी म्हणाले, "होणार नाही." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते असलमभाईंच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

*

त्याआधी भाऊजींनी घरात बल्बसुद्धा बदललेला मला आठवत नाही. माणूस बोलवायचे. आता टेबलावर भोकांची पांढरी पट्टी, रंगीत वायरी, सोल्डरिंगचा धूर, आणि समोर मोबाइल टेकवलेला. मोबाइलमधला मुलगा हिंदीत सांगायचा, भाऊजी मान हलवायचे, चुकायचे, परत पहिल्यापासून लावायचे. जे तयार होईल ते श्रीखंडाच्या डब्यात बसवायचे. झाकणाला भोक पाडायचं, त्यातून वायर बाहेर.

पहिलं केलं ते गॅसचं. वहिनी बटण फिरवायच्या आणि काडी पेटवायची विसरायच्या. भाऊजी दुकानात म्हणाले, "वास ओळखणारं काहीतरी पाहिजे."

असलमभाई म्हणाले, "काका, म्हणजे नाकच पाहिजे."

तेव्हापासून त्या डब्याचं नाव 'नाक'. ओट्यावर भिंतीला लावलं. गॅस सुटला की बोंबलायचं.

पण आमचं घर समोर. माझं माहेर करंजाच्या बाजूचं, भाऊ महिन्याला सुकट-बोंबील आणून देतो. मी सुकट तव्यावर टाकली, की समोर नाक बोंबलायला लागायचं. भाऊजी हातात बारका स्क्रू ड्रायव्हर घेऊन दारात यायचे.

"सुमनताई, आज काय आहे?"

"सुकट."

"अजून किती वेळ चालेल?"

"दहाएक मिनिटं."

मग ते आत जाऊन नाकाचा बारका स्क्रू जरा पिळायचे. पुढच्या खेपेला परत ओरडलं, की परत पिळायचे. एक दिवस मला येऊन म्हणाले, "जरा सुकट भाजता का? ॲडजस्ट करायचं आहे." गद्र्यांच्या घरातून सुकट भाजायची फर्माईश आलेली ही पहिलीच. शेवटी नाक गप्प झालं. सुकट भाजा, बोंबील भाजा, हूं नाही की चूं नाही.

आणि मग एका दुपारी खरंच गॅस सुटला. नाक गप्पच. मी आमच्या मोरीत कपडे धूत होते, वास मला आला. पळत गेले, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. वहिनी ओट्यापाशी चिमटा घेऊन शांत उभ्या.

सगळी बिल्डिंग म्हणते, सुमनला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची खोड आहे. त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

भाऊजींनी स्क्रू परत मागे फिरवला आणि वहिनींचा स्वयंपाक बंद केला. मी सुकट करंजाला भावाकडेच खाऊन यायला लागले. वहिनी मात्र रोज अकराच्या सुमाराला ओट्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या. हात पुसायच्या, पदर खोचायच्या, आणि तशाच उभ्या.

*

दसऱ्याला निखिल बायकोला घेऊन आला होता. तेव्हा भाऊजींनी दुसरा डबा केला होता, पाण्याचा. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं, आणि वहिनी नळ सोडून विसरायच्या. डब्यातून दोन वायरींची टोकं बाहेर काढलेली. टोकांना पाणी लागलं की शिट्टी.

मी आपट्याची पानं द्यायला गेले तर घरात शिट्टी वाजत होती. भाऊजी मोरीत गेले, कोरडी. संडासात गेले, कोरडा. निखिलने गॅलरी बघितली. शिट्टी चालूच. मग मी म्हटलं, "फ्रिजमधून येतेय हो."

सुनेने फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात डबा. थंडीने त्याला घाम फुटलेला, वायरींना दव लागलेलं, आणि तो आत बसून ओरडतोय. वहिनींनी ठेवला होता. सणाचं श्रीखंड बाहेर राहिलं तर आंबेल म्हणून.

सुनेने झाकण काढलं. आत बॅटरी, वायरी, पितळी चकती.

वहिनी वाकून बघून म्हणाल्या, "ह्यांनीच आणलं. हल्ली श्रीखंडात काहीही घालतात."

सून हसून हसून खाली बसली. मीही हसले. निखिलने डबा हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. कोणा कारागिराला लाजवेल इतकं सफाईदार काही नव्हतं ते, सोल्डरिंगचे गोळे झालेले, चिकटपट्ट्या लावलेल्या. जेवणं झाल्यावर गॅलरीत बापाला म्हणाला, "बाबा, आईचा प्रश्न असा डब्याडब्याने सुटणार नाही."

भाऊजी म्हणाले, "नळाचा तर सुटला."

*

तिसरा डबा बोळातला. या जुन्या घरांत हॉल आणि मोरीच्या मध्ये बोळ असतो, भरदुपारीही अंधार. वहिनी तिथे दोनदा पडल्या. भाऊजींनी वर एक सेन्सर लावला, पांढरा, अर्ध्या पिंगपाँगच्या बॉलसारखा. माणूस हललं की दिवा आपोआप लागतो, थोड्या वेळाने विझतो. हे मात्र पहिल्याच खेपेला जमलं. असलमभाईंनी पाठ थोपटली.

पण वहिनी तिथे गेल्या की बराच वेळ बोलण्याचा आवाज यायचा. मी एकदा डोकावले. दिव्याखाली उभ्या राहून म्हणत होत्या, "बसा ना. उभे का?"

"वहिनी, कोणाशी बोलताय?"

"आहे कोणीतरी घरात," त्या हळूच म्हणाल्या. "मी आले की दिवा लावतं. भलं माणूस आहे. बोलत नाही फक्त." आणि हॉलमध्ये टेबलावर वाकलेल्या भाऊजींकडे मान करून म्हणाल्या, "ह्यांच्यासारखंच."

भाऊजींच्या हातातली वायर तशीच राहिली. दुसऱ्या दिवसापासून वहिनी बोळाकडे निघाल्या की भाऊजी मागोमाग जायचे आणि काहीबाही बोलायचे. "आज पोहे करू का" वगैरे. दिव्याच्या आधी जाऊन बोलायचे. सवय नव्हती बिचाऱ्यांना, विषय सापडायचे नाहीत. एकदा तर मी ऐकलं, विम्याच्या हप्त्याबद्दल सांगत होते.

*

खरा प्रश्न दाराचा होता. दाराला चुंबक, चौकटीला बारकं बटण. दार उघडलं, चुंबक लांब गेलं, की भोंगा. भोंगा वाजला की वहिनी कानांवर हात ठेवून थरथरायच्या, आणि घाबरून उलट बाहेरच पळायच्या.

असलमभाईंनी तोडगा काढला. बोटाएवढं एक सर्किट आणलं. "काका, यात आपला आवाज भरायचा. हे लाल बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. दार उघडलं की तोच आवाज वाजेल."

भाऊजी डबा तोंडासमोर धरून बसले. काय बोलावं सुचेना. एकदा म्हणाले, "कृपया बाहेर जाऊ नये." असलमभाई म्हणाले, "काका, बायको आहे, बँक नाही." एकदा नुसतंच घसा खाकरून झालं. मग वैतागले, आणि मनात होतं ते तोंडातून गेलं:

"अगं, कुठे चाललीस?"

बटण सोडलं. झालं रेकॉर्ड.

मी जीभ चावली. "भाऊजी, निघणाऱ्याला कुठे विचारू नये. वहिनींना अजिबात चालत नाही."

"मी असलं काही मानत नाही," भाऊजी म्हणाले, आणि डबा चौकटीवर ठोकला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पिशवी उचलली, चपला घातल्या. आम्ही स्वयंपाकघरातून बघतोय. दार उघडलं.

"अगं, कुठे चाललीस?"

वहिनी थांबल्या. तोंड एवढंसं झालं.

"विचारलंत कुठे?" डब्याकडे बघून म्हणाल्या. "आता बसायला हवं."

दार लोटलं. चपला काढल्या. खुर्चीवर टेकल्या. मी पाणी दिलं, घोट घोट प्यायल्या. पाणी संपेपर्यंत निघायचं होतं हे विसरूनही गेल्या.

असलमभाई वरती हात करून म्हणाले, "सेन्सर गेलं तेल लावत. काकींच्या आईला सलाम."

त्या दिवसापासून मी जिन्यात कोणालाही कुठे विचारलं, की भाऊजी दारातून मला हात जोडायचे.

*

पुढचा किस्सा आमच्या ह्यांचा. आमचे हे म्हणजे जगातलं सगळं येणारा माणूस. भाऊजी एकदा शुगर तपासायला गेले होते आणि दारावरच्या डब्यातले सेल संपले. मला म्हणून गेले होते, बदलून टाका. मला भीती वाटली, मी ह्यांना बोलावलं.

"जपून हां," मी म्हटलं.

ह्यांनी झाकण उघडलं, सेल घातले, इकडे दाबलं, तिकडे दाबलं, आणि मला म्हणाले, "बघ. काय अवघड नाय."

दाबलं होतं ते लाल बटण.

भाऊजी रिक्षातून उतरले तर वहिनी खाली गेटपाशी, हातात पिशवी, एक पाय रस्त्यावर. वॉचमन फोनवर बोलत होता. भाऊजींनी हाताला धरून वर आणलं. दार उघडून बघितलं, तर चौकटीवरून आमचे हे:

"बघ. काय अवघड नाय."

वहिनी भाऊजींना म्हणाल्या, "तो भला माणूस आहे. जा म्हणाला."

आमचे हे दोन दिवस जिन्याने गेले-आले नाहीत, म्हणजे जाताना चपला हातात घेऊन गेले. भाऊजी रागावले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "निखिलला सांगू नका." पुन्हा म्हणाले, "सुमनताई, तुम्ही सगळ्यांना सगळं सांगता. हे एक नका सांगू."

नाही सांगितलं. आत्ता पहिल्यांदाच सांगतेय.

भाऊजींनी आवाज परत भरला. तेव्हा त्यांना खोकला धरला होता. "अगं," मग खोकल्याची उबळ, मग "कुठे चाललीस?" मी म्हटलं, परत भरा, नीट येईल. ते म्हणाले, राहू दे, हिला खोकल्यासकट ओळखू येतो. आणि लाल बटणावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली.

"याला कोणी हात लावायचा नाही," असलमभाईंना म्हणाले. "लागला तर मी पुसला जाईन."

*

शेवटचं त्यांनी केलं ते बोटाचं. सेन्सरवर बोट ठेवायचं, आणि काळजाच्या ठोक्याला लाल दिवा मिचकायचा. गरज काही नव्हती, व्हिडिओत दिसलं म्हणून केलं.

आधी वहिनींचं बोट ठेवलं. दिवा मिचकायला लागला, एका लयीत.

"हे काय?"

"तुझं काळीज."

"चालू आहे होय अजून?" म्हणाल्या, आणि बोट काढायलाच तयार होईनात.

मग असलमभाईंचं, मग माझं. नीट. मग भाऊजींनी स्वतःचं ठेवलं. मिचक, मिचक, आणि थांबला. मग दोन एकदम. परत थांबला.

"जोड सैल आहे," भाऊजी म्हणाले.

असलमभाईंनी सोल्डरिंग परत केलं. तसंच. वायर बदलली. तसंच. पुढच्या रविवारी दुकानातून नवा सेन्सर आणला. असलमभाईंच्या बोटाला दिवा कसा घड्याळासारखा, आणि भाऊजींनी बोट ठेवलं की अडखळतोय.

"माल चायनाचा," भाऊजी म्हणाले.

असलमभाई खाली बघत होते. "काका, जोड पक्का आहे. डॉक्टरला दाखवा ना एकदा."

"दाखवलं की ॲडमिट करतील. ॲडमिट केलं की निखिल येणार. निखिल आला की हिला घेऊन जाणार."

"मी आहे ना समोर," मी म्हटलं.

"तुम्ही आहात हो." त्यांनी डब्याला झाकण लावलं. "माझं बोटच जाड आहे. बाकी काही नाही."

पुढे थंडीत एका सकाळी समोर नाक बोंबलायला लागलं. सुकट सोडा, आमच्याकडे तेव्हा चूलही पेटली नव्हती. दाराची किल्ली माझ्याकडे असायची. आत गेले तर चहा उतू जाऊन गॅस विझलेला आणि बटण चालू. या खेपेला नाक बरोबर ओरडलं होतं. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, भाऊजींना हाका मारत हॉलमध्ये आले.

भाऊजी खुर्चीत. बाजूला वहिनी, त्यांच्या हातावर हात ठेवून बसलेल्या.

"हळू बोल," मला म्हणाल्या. "ह्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

*

निखिल वाईट मुलगा नाही, हे आधीच सांगते. चौदा दिवस आईला अंघोळ घालण्यापासून सगळं त्याने केलं. दाराला आडवा झोपायचा. दारावरचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिथेच पायरीवर बसला. मग दार दिवसभर उघडंच ठेवायला लागला. उघडं असलं की डबा बोलत नाही.

"मी बघेन रे वहिनींना," मी त्याला म्हटलं.

"किती दिवस काकू?"



निघायच्या दिवशी सामान बांधताना वहिनी बाहेर जाऊ नयेत म्हणून दार लावून घेतलं होतं. खाली गाडी आलेली. असलमभाई बॅग उचलायला आले होते. वहिनींना मी नवं लुगडं नेसवलं, वेणी घातली. हातात त्यांची ती कापडी पिशवी. भाऊजी कुठे गेले, हे त्यांनी सकाळपासून चारपाच वेळा विचारलं होतं, आणि दर वेळी सांगितलं, की दर वेळी नव्याने ऐकल्यासारख्या गप्प व्हायच्या. मग निखिल म्हणाला, आता नको सांगायला.

निखिलने दार उघडलं.

"अगं," खोकला, "कुठे चाललीस?"

वहिनी मागे फिरल्या. "बघ, विचारलं ह्यांनी," मला म्हणाल्या. जाऊन खुर्चीत टेकल्या. मी पाणी आणलं. दुसरं काय करणार. प्यायल्या, पिशवी मांडीवरून खाली ठेवली, आणि माझ्या साडीकडे बघून म्हणाल्या, "छान आहे हो रंग."

निखिलने परत हाताला धरून उठवलं. दार उघडलं. परत खोकला, परत कुठे चाललीस. परत खुर्ची, परत पाणी. खालून ड्रायव्हरचा फोन आला. निखिलने कट केला.

तिसऱ्या वेळी पाणी पिऊन झाल्यावर वहिनी त्याला म्हणाल्या, "तू कोणाकडे आलास रे? बस की. हे येतीलच."

निखिल उठला. स्टूल घेतलं, चौकटीवरचा डबा काढला. झाकण उघडून बघत उभा राहिला. त्याचं बोट त्या पट्टीवर गेलं.

"वो नको बेटा," असलमभाई पटकन पुढे झाले. "लाल को हात नको लावू. सेल काढ फक्त. सेल काढला तरी काकांचा आवाज आत राहतो."

निखिलने सेल काढले. झाकण लावलं. डबा आपल्या बॅगेत, कपड्यांच्या मध्ये ठेवला. मग दार लावलं, आईला उठवलं, पिशवी हातात दिली, आणि दार पुन्हा उघडलं.

काही वाजलं नाही.

वहिनी उंबऱ्याशी थांबल्या. चौकटीवर जिथे डबा होता तिथे बघायला लागल्या. आम्ही तिघंही तिकडेच बघत होतो. खाली गाडी चालू होती, तिचा आवाज जिन्यातून येत होता.

"विचारलं नाही आज," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी मागे वळून हॉलमध्ये बघितलं. टेबल, रिकामी खुर्ची, बोळ.

"घरात नाहीत वाटतं."

पदर खांद्यावरून पुढे घेतला, पिशवी या हातातून त्या हातात केली, आणि एक पाय बाहेर ठेवला.

"मग जाते मी," म्हणाल्या.